अंगात कणकण

साडेनव्व्याण्णव म्हणजे ताप नव्हे, ती कणकण. लहानपणी आई कपाळाला हात लावायची, "नुसती कणकण आहे, जा शाळेत" म्हणायची आणि विषय तिथंच संपायचा. लावीच्या अंड्याचा विषय मात्र तिथून सुरू होतो. साडेनव्व्याण्णव फॅरनहाइट, म्हणजे ३७.५ अंश सेल्सिअस. एवढी कणकण सतरा दिवस टिकवली तर अंड्यातून पिल्लू निघतं. दोनतीन अंश वर गेली आणि तिथंच राहिली, तर ते आतल्या आत संपतं.

खरं तर हे काम लावीचं. पण बाजारात आपण जिला बटेर म्हणतो ती जपानी लावी, आणि पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात अंडी देता देता ती अंड्यावर बसायचंच विसरली आहे. गावठी कोंबडी खुडूक होते, पिसं फुलवून बसते, जवळ गेलं की टोचते. या बाईसाहेब दुपार कलली की अंडं टाकतात आणि वळूनही बघत नाहीत. मग खुडूक व्हायचं कुणी? आमच्या घरात ते मी अंगावर घेतलं. (हिचं म्हणणं, निवृत्त झाल्यापासून मी खुडूकच आहे.)

पेटी घरीच केली. औषधाच्या दुकानातून मागून आणलेला थर्मोकोलचा खोका, चाळीस वॅटचा पिवळा बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आणि उष्णता ठरल्या अंकावर आली की बल्ब बंद करणारा एक हातभर वायरींचा स्वस्त बोर्ड. झाकणात काच हवी होती, ती एका सत्कारात मिळालेल्या मानपत्राची काढली. मानपत्राचा एवढा उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता. आत तीन थर्मामीटर ठेवले तर तिघांची तीन मतं. शेवटी औषधांच्या डब्यातला ताप मोजायचा थर्मामीटर आणला. त्याला आमच्या घरात कुणी खोटं पाडलेलं नाही. इजिप्तमध्ये शेकडो वर्षं मातीच्या भट्ट्यांतून हजारो अंडी उबवत. तिथले कामकरी म्हणे अंडं पापणीला टेकवून ऊब ओळखायचे. मीही टेकवून बघितलं. मला फक्त अंडं गुळगुळीत आहे एवढं कळलं.

पहिला घाणा एप्रिलमध्ये लावला, ही सोलापुरात राहून केलेली शुद्ध मूर्खपणाची गोष्ट. पेटी वरच्या पत्र्याच्या खोलीत, बाहेर बेचाळीस. बोर्डाचं काम बल्ब लावणं आणि विझवणं. थंड करणं त्याच्या हातात नाही. दुपारी एकपासून संध्याकाळपर्यंत बल्ब विझलेलाच, आणि आकडा आपला चढतोय: एकोणचाळीस, चाळीस, चाळीसच्या वर. जगातले सगळे लोक उबवणीच्या पेटीत ऊब कशी आणायची याची काळजी करतात. सोलापूरकराला ऊब बाहेर कशी काढायची हा प्रश्न. वीस अंडी होती, एकही फुटलं नाही.

नंतर कळलं की चूक पेटीच्याही आधीची होती. अंडं साधारण वीस-पंचवीस अंशांच्या खाली असलं तर आतला जीव झोपून राहतो. त्याच्या वर गेलं की अर्धवट जागा होतो, थोडं वाढतो, आणि पुरती ऊब नसल्यामुळे मरून जातो. मी ती अंडी भर दुपारी मोटारसायकलच्या डिकीतून आणली होती, वर दोन दिवस टेबलावर ठेवली होती. पेटीत ठेवली तेव्हा त्यातली किती आधीच जागी होऊन संपली असतील कोण जाणे. १९९० मध्ये मीर या सोव्हिएत अंतराळस्थानकात लावीची पिल्लं निघाली होती. पृथ्वीपासून इतक्या वर जमलं ते आमच्या पत्र्याखाली जमलं नाही.

एका मित्रानं विचारलं, "वनखात्याचं काही लफडं नाही ना रे?" प्रश्न बरोबर होता. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या माळावर पावसाळ्यात चालताना पायापाशी गवतातून भुर्रकन उडते ती रानातली लावी, तिला आणि तिच्या अंड्याला हात लावायचा नाही, कायदाच आहे. जपानी लावी १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाहून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणलेली, पाळीव. तरी २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं तिच्याही नव्या फार्मना परवाने थांबवले होते, ते २०१३ मध्ये मोकळे झाले. रानातल्या बहिणीमुळे हिला दोन वर्षं भोगावं लागलं. आपल्याकडे या पक्ष्याला वाचवण्याची परंपरा मात्र फार जुनी. अश्विनीकुमारांनी लांडग्याच्या जबड्यातून सोडवलेली ऋग्वेदातली वर्तिका म्हणजे लावीच.

दुसरा घाणा लावला २९ डिसेंबरला, मुद्दाम. हिशेब साधा होता: सतरा दिवस म्हणजे १५ जानेवारी, सोलापूरची ऐन गड्ड्याची यात्रा. थंडी असते, पत्रा तापत नाही. यावेळी पेटी खाली, मागच्या माळवदाच्या खोलीत. चोवीस अंडी, एकेक दहा-बारा ग्रॅमचं. कूस बदलायची म्हणजे कुठली बाजू वर होती ते कळायला हवं, म्हणून पेन्सिलनं फुल्या मारल्या. त्या ठिपक्यांत हरवून गेल्या. मग लक्षात आलं की फुलीची गरजच नाही. प्रत्येक लावीच्या अंड्याची नक्षी तिची स्वतःची असते. एकीची अंडी चुना उडाल्यासारखी, दुसरीची दौत सांडल्यासारखी, तिसरीची तपकिरी नकाशासारखी. दिवसातून तीनदा मी ते नकाशे फिरवत बसायचो.

जानेवारीतला सोलापूरचा शत्रू कोरडेपणा. आपले ओठ फुटतात त्या हवेत अंड्याचा आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो आणि त्याला हलता येत नाही. आत पाण्याची वाटी ठेवली होती, पुरेना. तेव्हा शेजारच्या अक्कांनी तोड काढली. त्यांच्याकडे माग आहेत, टॉवेलचे काठ कापून पडलेले असतात. एक पट्टी पाण्यात बुडवून दुसरं टोक पंख्यासमोर लटकवलं, आणि आर्द्रतेचा काटा तासाभरात साठाच्या घरात गेला.

दहाव्या रात्री एकला लाइट गेली. गरम पाण्याच्या दोन बाटल्या आत, पेटीवर चादर. अक्का उठून आल्या, चादर चाचपून म्हणाल्या, "आमच्या मागावरची हाय की ही! ऊब धरते बघा." अडीच तासांनी लाइट आली तेव्हा आत एकोणतीस होतं. अंडं थंडी सोसतं. कोंबडीही दाणे टिपायला उठतेच. सोसत नाही तो उकाडा.

१३ तारखेला, यात्रेतल्या अक्षतेच्या दिवशी, कूस बदलणं बंद केलं. शेवटचे तीन दिवस झाकण उघडायचं नाही, हात लावायचा नाही. अंडी तेवढी एकमेकांना चिकटवून ठेवली. याला कारण आहे. १९६०च्या दशकात केंब्रिजच्या मार्गारेट व्हिन्स यांनी दाखवलं की लावीची पिल्लं कवच फुटायच्या आधी आतूनच टिकटिक करतात. शेजारच्या अंड्याला ती ऐकू जाते, मागं राहिलेलं पिल्लू घाई करतं, आणि सगळी मिळून काही तासांत बाहेर येतात. मी हे वाचलं होतं, विश्वास ठेवला नव्हता.

१५ च्या रात्री सगळी गल्ली होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघायला गेलेली. यात्रेपायी माग बंद. पूर्व भागात मागांची खटखट थांबली की कानाला दडा बसल्यासारखं होतं. मी मानपत्राच्या काचेला कान लावून बसलो आणि ऐकलं. टिक, टिक. मग दुसरीकडून, जरा भरभर. लांबून बाणांचे धमाके येत होते, त्यांच्यामध्ये ही टिकटिक, नखानं नख वाजवल्याएवढी.

पहिला टोचा एका तपकिरी नकाशावर पडला. कवच उलट्या तिकोनात उचललं गेलं, आत चोचीचं टोक हललं. मग चार तास काही नाही. मग एकदम पिल्लू आतल्या आत गोल फिरू लागलं, टोच टोच करत सगळीकडून कापत गेलं, डब्याचं झाकण निघावं तसं रुंद टोक सुटलं आणि ओलं, वाकडं, अंगठ्याच्या पेराएवढं काहीतरी बाहेर पडलं. त्यानंतरच्या तीन-चार तासांत चौदा. रिकामी कवचं आतून फिकट निळी असतात, हे तोवर मला माहीतच नव्हतं. बाहेरून एवढी मळकट आणि आतून आकाशी.

एक पिल्लू अर्ध्यात अडकलं. मी चिमटा हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. झाकण उघडलं तर बाकीच्यांचे पापुद्रे वाळणार. उघडलं नाही. सकाळी ते गेलेलं होतं. बाहेर आलेल्या पंधरांतलंही एक माझ्या चुकीनं गेलं, पाण्याच्या ताटलीत बुडून. ताटलीत गोट्या टाकायच्या असतात, तेवढीच चोच जाते, पिल्लू नाही. गोट्या दुसऱ्या दिवशी टाकल्या.

मार्च लागला तसे नर कर्कश ओरडायला लागले, अक्का रोज विचारू लागल्या, "कापणार कधी?" आणि एका संध्याकाळी पिंजऱ्यात पहिलं अंडं दिसलं, शाई सांडल्यासारखं. जिनं टाकलं ती त्याच्यावरून पाय देऊन निघून गेली आणि कोपऱ्यात धूळ अंगावर घेत बसली. सावलीत छत्तीस होतं. मी अंडं उचललं, चटकन माळवदाच्या खोलीत नेलं आणि माठाच्या बुडाशी ओल्या वाळूवर वाटीत ठेवलं. रात्रीपर्यंत तिथं आणखी दोन आली.