गाय तिची, घर कोणाचं?

आफ्रिकेतल्या झिंबाब्वेमधल्या शोना समाजाच्या रूढींबद्दल सध्या वाचतेय. गावात तंटा झाला की तिथे ‘दारे’ भरतं, म्हणजे गावप्रमुखापुढची न्यायसभा. शिक्षेपेक्षा भरपाई आणि समेट यांवर भर. भरपाई बरेचदा गुरांच्या रूपात!

मला आवडली ती ‘आईची गाय’. मुलीच्या लग्नात जावयानं सासूला वेगळी गाय द्यायची. ती गाय, तिची वासरं, सगळं सासूचं. सासऱ्याचा त्यावर हक्क नाही. आपलं स्त्रीधनच म्हणा ना! ही गाय द्यायची टाळली तर आईकडचे पितर कोपतात, असं मानतात.

किती छान, असं म्हणतेय तोच व्हेनिया मगायाचा खटला वाचनात आला. हरारेच्या माब्वुकू भागात तिच्या वडिलांचं घर होतं. मृत्युपत्र न करता वडील गेले. व्हेनिया सर्वांत थोरली, म्हणून आधी स्थानिक कोर्टानं तिला वारस ठरवलं. मग सावत्र भाऊ पुढे आला आणि निकाल फिरला. १९९९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या पाचही न्यायाधीशांनी सांगितलं, रूढीप्रमाणे वारस मुलगाच. १९८२ च्या कायद्यानं बाई अठराव्या वर्षी सज्ञान झाली होती, पण तेही उपयोगी पडलं नाही. तेव्हाच्या राज्यघटनेत भेदभावाला बंदी होती, मात्र रूढीला त्यातून सूट होती. वारशाचा नवा कायदा नोव्हेंबर १९९७ पासूनच्या मृत्यूंसाठी. व्हेनियाचे वडील त्याआधीच गेलेले!

मला खटकतं ते वेगळंच. थोरल्या मुलाला घर मिळायचं ते बहिणी, आई, धाकटी भावंडं सांभाळायची म्हणून. जबाबदारीसोबत हक्क होता. पण रूढी कोर्टात गेली, आणि हक्क तेवढा राहिला, जबाबदारी गळून पडली. मग ती जुनी रूढी तरी कशी म्हणायची?

२०१३ च्या नव्या राज्यघटनेत कलम ८० आलं. बायकांच्या हक्कांवर गदा आणणारी रूढी तेवढ्यापुरती रद्द. आता दारेतल्या पंचांनाही हे लागू आहे. पण गावातल्या बाईनं वडिलांच्या घरावर हक्क सांगायचा तर तो चुलत्यांसमोर, भावांसमोर, भरल्या सभेत उभं राहून. ते सोपं असेल, असं मला तरी वाटत नाही.