जपानी काळ्या डब्याचं वय कसं ओळखावं?

जुन्या वस्तू जमवायची हौस बऱ्याच घरांतून दिसते. पितळी समया, अडकित्ते, चिनी मातीच्या बरण्या यांची पारख आपल्याला थोडीफार असते. पण जुन्या बाजारात, किंवा घरातलं जुनं कपाट आवरताना, काळाभोर, सोनेरी नक्षीचा आणि हातात घेतला तर अगदी हलका असा डबा निघाला, की आपण गोंधळतो. दुकानदार म्हणतो, "बाई, दोनशे वर्षांचा जपानी माल आहे!" घरातलं कुणी म्हणतं, "छे, प्लॅस्टिक असेल." आणि तिसरं कुणी तो चकचकीत करून आणायला पॉलिशवाल्याकडे निघतं. या तिसऱ्याला आधी थांबवा. का, ते पुढे सांगते.

लाख नव्हे, झाडाचा चीक

आपल्या सावंतवाडीच्या खेळण्यांवर चढवतात ती लाख किड्यांपासून मिळते. जपानी डब्यावर असते ती 'उरुशी', म्हणजे एका झाडाचा चीक. हे झाड आंबा, काजू, बिब्बा यांच्याच कुळातलं. बिब्बा उततो तसा हा कच्चा चीकही अंगावर उततो. दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या झाडाला हंगामभर चिरा पाडल्या, तरी चीक मिळतो जेमतेम पेलाभर, सुमारे २०० मिलिलिटर.

गंमत म्हणजे हा चीक उन्हात वाळवत नाहीत. उबदार, दमट कपाटात ठेवला तरच तो घट्ट होतो. चांगल्या कामात लाकडावर आधी चीक, मग तागाचं कापड, मग मातीची भुकटी कालवलेले थर, त्यावर पुन्हा चिकाचे हात आणि मधून मधून कोळशाने घासणं, असं महिनोन्‌महिने चालतं. सोन्याची नक्षी म्हणजे 'माकिए'. ओल्या चिकाने चित्र काढायचं आणि आपण रांगोळी सोडतो तशी त्यावर नळीतून सोन्याची भुकटी सोडायची.

असं काम टिकतं किती? १८७३ च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनाहून परतणारी 'नील' ही आगबोट १८७४ साली जपानच्या किनाऱ्याजवळ बुडाली. वर्षाहून अधिक काळाने तिच्यातल्या काही वस्तू वर काढल्या, तेव्हा समुद्रात पडलेलं लाखकाम जवळजवळ जसंच्या तसं निघालं!

डबा केला कुणासाठी?

वय ओळखताना पहिला प्रश्न हा विचारायचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज जहाजं गोव्याहून मलाक्का, मकाव करत नागासाकीला जात. त्यांच्यासाठी केलेल्या कामाला 'नाम्बान' म्हणतात. साधारण १५८० ते १६३० चा हा काळ. पेट्यांची झाकणं कमानदार, आणि सोनं नि शिंपल्याचे तुकडे असे खच्चून भरलेले की बोटभर जागा मोकळी नाही. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना जपानची दारं बंद झाली, आणि पुढे डच व्यापाऱ्यांसाठी निराळं काम होऊ लागलं. मोकळी काळी जमीन, त्यावर सोन्यात डोंगर, घरं, झाडं.

जपानमधल्या घरांसाठी केलेल्या वस्तूंचं वळण आणखी वेगळं. लेखणी-शाईची पेटी, पत्रांची पेटी, आरशाचा डबा, जेवणाचे एकावर एक बसणारे डबे. मोठ्या घरच्या मुलीच्या रुखवतात हे सगळं एकाच नक्षीचं आणि कुळाच्या चिन्हाचं असे. 'हात्सुने' नावाचं असं रुखवत नागोयाच्या तोकुगावा कला संग्रहालयात आहे. शोगुन इएमित्सुची मुलगी चियोहिमे हिच्या १६३९ मधल्या लग्नासाठी ते केलं. नवरी तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती! लग्नाचं साल माहीत, म्हणून रुखवताचंही वय पक्कं.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही अशीच एक पेटी आहे. तिच्या झाकणाच्या आत 'मारिया फान डीमेन' असं सोन्यात नाव आहे. ही बटाव्हियाच्या डच गव्हर्नर-जनरलची बायको. नवऱ्याची कारकीर्द १६३६ ला सुरू झाली, त्यावरून पेटीचा काळ ठरवता आला. झाकण उघडून आत बघायला विसरू नका, ते यासाठी.

रंग आणि शिक्के काय सांगतात?

जुन्या कारागिरांना चिकात टिकणारे रंग थोडेच साधत. काळा, हिंगुळाचा लाल, तपकिरी, पिवळा आणि हिरवा. पांढराशुभ्र, झगझगीत निळा किंवा जांभळा रंग चिकातच मिसळलेला दिसला, तर वस्तू १८६८ नंतरची, म्हणजे मेइजी काळातली किंवा त्याहून अलीकडची समजा. तळाशी इंग्रजीत देशाचं नाव असेल, तर ती परदेशी विक्रीसाठी केलेली. अमेरिकेत १८९१ पासून मालावर देशाचं नाव लागे. आधी 'निप्पॉन', १९२१ पासून 'जपान'. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची.

नुसत्या सहीवर मात्र विसंबू नका. जुन्या कामावर बहुधा सही नसते, आणि नामांकित घराण्यांची नावं पुढच्या पिढ्यांनी वापरली, तशी नकला करणाऱ्यांनीही. सोबतच्या साध्या लाकडी खोक्यावरच्या लेखाचंही तेच. खोकं एकाचं, डबा दुसऱ्याचा, असं सर्रास होतं.

झीज हीच जन्मपत्रिका

आता मुख्य गोष्ट. डबा उजेडात तिरका धरा. जुना काळा रंग कडांशी किंचित तपकिरी झालेला दिसतो. बुडाची कड, झाकण जिथे टेकतं ती जागा, बोटं जिथे लागतात ते कोपरे पाहा. झीज तिथेच हवी, जिथे वापराने व्हावी. सगळीकडे सारखी झीज असेल, तर ती कुणीतरी मुद्दाम घासून आणलेली. लाल थर झिजून खालचा काळा दिसतो, त्या कामाला जपानमध्ये 'नेगोरो' म्हणतात आणि त्या झिजेचं कौतुक करतात.

मग भिंग घ्या. खऱ्या माकिएत सोन्याचे कण दिसतात, रेघ कुठे जाड कुठे बारीक असते. छापील नक्षीत सारखे ठिपके दिसतात. कडेला साच्याची शिवण दिसली तर ते प्लॅस्टिक. दुसऱ्या महायुद्धानंतर काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेला रंगही जपानमध्ये वापरात आला. तो दिसायला उरुशीसारखाच, त्यामुळे नुसत्या चकाकीवर भुलू नका.

पॉलिशवाल्याला थांबवायचं ते याचसाठी. त्याने एकदा पॉलिश-पेपर फिरवला की केसाएवढा सोन्याचा थर गेला, आणि झिजेत लिहिलेलं वयही गेलं. ते परत आणता येत नाही.

एवढं सांभाळा

ऊन हा याचा खरा वैरी. समुद्रात तगलेलं काम खिडकीतल्या उन्हात काही वर्षांत निस्तेज होतं. शोकेसमध्ये जवळ दिवाही लावू नका. एसीचा झोत किंवा हीटरची कोरडी हवा लागली, की आतलं लाकूड आकसून तडे जातात. धूळ मऊ ब्रशने उडवा, मग जुन्या मलमलीने हलकेच टिपा. नक्षीवर रगडू नका. खोबरेल, ब्रासो, स्पिरिट यांना फाटा द्या. पापुद्रा सुटला तर तो जपून कागदात ठेवा आणि संग्रहालयातल्या जाणकारांना विचारा. घरच्या गोंदाने चिकटवू नका.

विकत घेण्याआधी डोळा तयार करायचा असेल, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातल्या जपानी वस्तू सावकाश पाहून या. आणि घरात असा डबा असेलच, तर आज फक्त तो उन्हातून उचलून आत ठेवा. वय नंतर ठरवता येईल.