मुलाच्या पाठीवरचें बिऱ्हाड

हल्लीं सुशिक्षित मंडळींत एक मत मोठ्या आत्मविश्वासानें मांडलें जातें. तें असें कीं, आईबापांनीं घटस्फोट घेतला, दोघांनीं दोन बिऱ्हाडें केलीं आणि मुलानें चार दिवस इकडे व तीन दिवस तिकडे राहावें असें ठरलें, म्हणजे आपली पिशवी आपण भरण्याची शिस्त मुलाला लागलीच पाहिजे. त्यायोगें तें स्वावलंबी होतें. स्वावलंबनाच्या नांवावर आपल्या समाजांत आजवर पुष्कळ आळस खपला आहे. परंतु इतका निर्दय आळस क्वचितच खपला असेल.

वसतिगृहांत जाणारा मुलगाही आपली ट्रंक आपणच भरतो, असा दाखला यावर देण्यांत येतो. दाखला फसवा आहे. तो मुलगा वर्षांतून दोनतीनदां सामान बांधतो, आणि त्यांतलें कांहीं घरीं राहिलें तर त्यावरून कोणी कोणावर आरोप करीत नाहीं. दोन घरांत वांटलेल्या मुलाची गोष्ट निराळी. भूमितीची पेटी आईकडे राहिली, तर बापाच्या घरीं तो आईचा निष्काळजीपणा ठरतो. स्वेटर बापाकडे राहिला, तर आईच्या घरीं तो बापाचा कावा ठरतो. आठ वर्षांच्या पोरानें विसरलेल्या मोज्यांचा पुरावा होतो! असें असतां तें मूल जें शिकतें तें स्वावलंबन नव्हे, पहारा आहे.

पिशवींत काय जातें यापेक्षां काय जात नाहीं, हें पाहण्यासारखें असतें. ‘नवा फ्रॉक तिकडे नेऊं नकोस, परत यायचा नाहीं,’ हें वाक्य ज्या घरांत एकदां उच्चारलें गेलें, तेथें मुलीला दोन गोष्टी एकदम कळतात : फ्रॉक आपला नव्हे, आणि तिकडचें माणूस चोर आहे. मग शुक्रवारीं संध्याकाळीं ती आपण होऊनच जुना, आंखूड झालेला फ्रॉक अंगांत घालते. तिकडे तिला दुसरा नवा मिळतो, आणि निघण्याच्या वेळीं तो उतरवून कपाटांत ठेवला जातो. धोब्याच्या वहींतसुद्धां याहून अधिक विश्वास असतो. आमच्या वर्गांत अशा रीतीनें वाढलेली एक विद्यार्थिनी होती. सहलीचा मुक्काम तीन दिवसांचा असला तरी तिची पिशवी कधीं पुरती सोडलेली नसे. कां म्हणून मैत्रिणींनीं विचारलें, तर ‘संवय’ एवढेंच म्हणे.

कायद्याकडे पाहावें तर मोठी मौज दिसते. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या ८ व्या कलमान्वयें नैसर्गिक पालकाला अज्ञान मुलाची स्थावर मिळकत कोर्टाच्या परवानगीवांचून विकतां किंवा गहाण टाकतां येत नाहीं. सातबाराच्या उताऱ्यावर अज्ञान खातेदाराच्या नांवापुढें ‘अ.पा.क.’ हीं अक्षरें येतात, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलाच्या नांवावर वीस गुंठे असतील तर त्यांना राखणदार आहे. त्याच्या रंगपेटीला मात्र कोणी नाहीं. स्त्रीधनाचेंही असेंच चाललें होतें. सासरीं ठेवलेले दागिने सासरचे, ही समजूत इतकी रुळली होती कीं, तें नवऱ्याच्या ताब्यांत असलें तरी मालकी बायकोचीच, हें सर्वोच्च न्यायालयाला १९८५ सालीं स्पष्ट सांगावें लागलें. तोच न्याय मुलाच्या चपलांना कां नसावा? बाप वाढदिवसाला सायकल देतो आणि ‘ती या घरचीच’ म्हणून बजावतो, तेव्हां त्यानें ती दिलेली नसते. उसनी वापरायला काढलेली असते.

फ्रान्सनें २००२ सालीं मुलाच्या आळीपाळीच्या वास्तव्याला कायद्यांत जागा दिली. बेल्जियमनें २००६ सालीं तें समसमान ठेवण्याचा विचार न्यायाधीशानें आधीं करावा असें ठरविलें. आपल्या विधि आयोगानेंही २०१५ च्या २५७ व्या अहवालांत संयुक्त ताब्याची शिफारस केली. दिवसांची वांटणी शास्त्रशुद्ध होत चालली आहे. पण वांटलेल्या दिवसांमधलें ओझें कोणीं वाहायचें, हा प्रश्न मुलाच्या खांद्यावर सोडून दिला जातो. शाळेच्या दप्तराचें वजन मुलाच्या वजनाच्या एक दशांशाहून अधिक नसावें, असें २०२० च्या केंद्रीय धोरणांत आहे. पंचवीस किलोच्या मुलाला अडीच किलो. ज्या दिवशीं त्यावर कपड्यांची पिशवीही चढते, त्या दिवशीं तराजू कोठें असतो?

वस्तू दोन दोन घेणें गरिबाला परवडत नाहीं, हा आक्षेप तेवढा विचारार्ह आहे. पण दोन दोन काय घ्यायचें? दात घासण्याचा ब्रश, घरांतल्या चपला, रात्रीचे कपडे, गणवेशाचा एक जोड. बालभारतीच्या पुस्तकांचा दुसरा संच वकिलाच्या एका तारखेच्या खर्चाहून स्वस्त पडतो. ज्याची जोडी होत नाहीं तेंच प्रवासाला जावें : चालू औषध व डॉक्टरची चिठ्ठी, शाळेची रोजनिशी, आणि ज्या गोधडीवांचून झोंप येत नाहीं ती गोधडी. एवढी पिशवी मोठ्या माणसानें भरावी, मोठ्या माणसानें उचलावी.

(घटस्फोटच नको होता, म्हणजे पिशवीही नको झाली असती, असें म्हणणारेही आहेत. एका छपराखालीं वर्षानुवर्षें अबोला धरणाऱ्यांचीं घरें त्यांनीं आधीं मोजून यावें.)

पाश्चात्त्य देशांत कांहीं कुटुंबांत मुलें एकाच घरीं राहतात आणि आईबापच आळीपाळीनें तेथें राहायला येतात. पक्ष्याच्या घरट्यावरून त्या रीतीला नांव पडलें आहे. मुंबई-पुण्याच्या भाड्यांत हें बहुतेकांना जमणार नाहीं, मान्य. परंतु ज्यांना मुलाचें भटकणें सोपें वाटतें त्यांनीं ही रीत नुसती मनांत पुरी आचरून पाहावी. दर शुक्रवारीं कचेरींतून येऊन चष्मा, चार्जर, रक्तदाबाच्या गोळ्या गोळा करायच्या. एक शर्ट हटकून पलीकडे राहायचा. आणि तो मागितला कीं कोणाचें तरी तोंड वाकडें व्हायचें. चौथ्या आठवड्याला हे गृहस्थ निराळी व्यवस्था मागतील, आणि ती मागतांना स्वावलंबनाचें नांवही काढणार नाहींत.

म्हणून संमतीच्या अटी लिहितांना, वार व तासांच्या खालीं, आणखी दोन ओळी असाव्यात : मुलाला दिलेली वस्तू मुलाची, ती त्याच्याबरोबर हवी तेथें जाईल, आणि राहून गेलेली वस्तू मोठीं माणसें परस्पर पोंचवितील, मुलाला त्याबद्दल विचारणार नाहींत. कोर्टानें काय मोजे मोजीत बसावें, असें वकील मंडळी म्हणतील. त्याच अटींत पितळेचीं भांडीं नगावर आणि पाटल्या तोळ्यांवर मोजलेल्या असतात.