पक्षापलीकडचा नागरिक

निवडणुकीचा हंगाम आला की नांदेडच्या वजिराबादेत आणि लातूरच्या गंजगोलाईत राजकारणाचे जाणकार उदंड होतात. कोणत्या प्रभागात कोणाची किती मते, कोणता पुढारी कोणावर रुसला आणि त्याची समजूत कोणी घातली, हा सारा तपशील त्यांच्या जिभेवर असतो. याच जाणकारांना आपल्या महानगरपालिकेचे अंदाजपत्रक किती कोटींचे, त्यातून पाणीपुरवठ्यावर किती आणि आस्थापनेवर किती खर्ची पडते, असे विचारले की संभाषणाचा ओघ थांबतो. राजकारणाची एवढी आवड आणि कारभाराविषयी एवढी अनास्था एकाच समाजात सुखाने नांदावी, हे आपल्या सार्वजनिक जीवनातील मोठे व्यंग होय.

या व्यंगाची कसोटी २०२२ मध्ये लागली. नांदेड-वाघाळा आणि लातूर या दोन्ही महानगरपालिकांच्या निवडणुका २०१७ मध्ये झाल्या होत्या आणि त्यांची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्ये संपली. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक घेण्याचे बंधन घटनेने घातले आहे. तथापि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांवरील न्यायालयीन वादांत निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. अंदाजपत्रक मांडणारा अधिकारी आणि त्यास मंजुरी देणारा अधिकारी एकच, अशी ही अवस्था काही महिन्यांची नव्हे, तर वर्षांची होती. दारापुढे खड्डा पडला की आपण आरडाओरड करतो; सभागृहच ओस पडले तेव्हा मात्र म्हणावी तशी हाक कोणी दिली नाही. जे गेले त्याची किंमत ठाऊक नव्हती, म्हणूनच ते गेल्याची खंत वाटली नाही.

या अनास्थेबद्दल नागरिकाला केवळ बोल लावून भागणार नाही, कारण तिच्यामागे एक साधा हिशेब आहे. अंदाजपत्रक मिळवणे, ते वाचणे, गेल्या वर्षाच्या प्रत्यक्ष खर्चाशी ते ताडून पाहणे आणि प्रश्न विचारणे यांत एका माणसाचे कितीतरी दिवस जातात. या श्रमांतून रस्ता नीट झाला, तर त्यावरून सारा गाव चालणार. श्रम मात्र त्या एकट्याचे. अशा वेळी शहाणा माणूस घरी बसतो आणि दुसऱ्या कोणी तरी हे करावे अशी अपेक्षा धरतो. सगळेच शहाणे घरी बसले म्हणजे कारभार ज्यांचा त्यात स्वार्थ आहे त्यांच्याच हाती राहतो. ठेकेदाराला निविदेतील प्रत्येक ओळ पाठ असते, कारण ती पाठ करणे त्याला परवडते. करदात्याला ते परवडावे असा उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे हे श्रम वाटून घेणारी, कोणत्याही पक्षाची बटीक नसलेली नागरिकांची संघटना.

अशी संघटना मराठवाड्याला नवखी नाही. निजामी राजवटीत १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाने सभा भरवण्यावर परवानगीचे जोखड घातले होते. चार माणसांनी एकत्र बसून सार्वजनिक प्रश्नाचा विचार करावा, एवढ्यासाठीही सरकारचे तोंड पाहावे लागे. त्या काळात १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि पुढच्याच वर्षी दुसरे लातूरला झाले. नागरी स्वातंत्र्य, मातृभाषेतून शिक्षण, जबाबदार राज्यपद्धती या मागण्या तेथे मांडल्या गेल्या. ज्या पिढीला सभा घेण्याची मुभा नव्हती तिने सभा घेतल्या. आज सभेला मुभा आहे, सभागृहे आहेत, ध्वनिक्षेपक आहेत. उणीव आहे ती येऊन बसणाऱ्यांची.

याच परंपरेचा पुढचा अध्याय म्हणजे मराठवाडा जनता विकास परिषद. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि वसमतच्या गोळीबारात कोवळ्या जिवांचा बळी गेला. ते दुःख घोषणांत विरून जाऊ नये, याची चिंता ज्यांनी वाहिली त्यांत गोविंदभाई श्रॉफ अग्रणी होते. स्वातंत्र्यसंग्रामात तावूनसुलाखून निघालेला हा नेता सत्तेच्या राजकारणापासून दूर राहिला आणि म्हणूनच सर्व पक्षांना चार शब्द सुनावू शकला. विकास परिषदेने जे केले त्याचे सार एका वाक्यात सांगता येईल: तिने गाऱ्हाण्याला हिशेबाचे रूप दिले. ‘आमच्यावर अन्याय झाला’ असे म्हणणे सोपे असते. रस्ते किती किलोमीटर कमी, सिंचन किती हेक्टर कमी, रेल्वेचा मार्ग रुंद का नाही, हे विचारण्यास अभ्यास लागतो आणि असा प्रश्न टाळणे सरकारला अवघड जाते.

प्रादेशिक असमतोलाचा शोध घेण्यासाठी १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९८४ च्या तिच्या अहवालाने अनुशेष हा शब्द घरोघर नेला. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये आणि त्यातील मराठवाड्याचा सुमारे ७५० कोटी, असे मोजमाप प्रथमच सर्वांसमोर आले. त्या मोजमापाच्या पद्धतीवर वाद झाले, ते होणे योग्यच होते. परंतु वाद आता आकड्यांचा होता, नुसत्या भावनांचा नव्हता. घटनेच्या ३७१ (२) या कलमातील विकास मंडळांची तरतूद १९५६ पासून पुस्तकात होती. ती प्रत्यक्षात येण्यास १९९४ साल उजाडले. अडतीस वर्षे निद्रिस्त राहिलेले कलम जागे झाले त्यात पक्षांचा वाटा असेल, परंतु पक्षांना सतत जागे ठेवणाऱ्यांचा वाटा त्याहून मोठा आहे. गोदावरी खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी हीच परिषद मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि २०१६ मध्ये न्यायालयाने २००५ च्या कायद्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. गोदेकाठच्या नांदेडला आणि मांजरेकाठच्या लातूरला या तत्त्वाचे मोल निराळे सांगावयास नको.

मात्र मिळवलेले राखण्यासाठीही जागे राहावे लागते. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि तिला मुदतवाढ मिळाली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनरुज्जीवनाचा निर्णय घेतला, तोवर दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. अडतीस वर्षांच्या खटाटोपाचे फळ हातून निसटत असताना नांदेड-लातुरातील किती घरांत त्याची वार्ता पोचली?

शहरांच्या पातळीवरही हेच चित्र दिसते. २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने नांदेडचा समावेश जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात झाला. रस्ते झाले, पूल झाले, शहराचे रूप पालटले. पण या निधीबरोबर एक अटही आली होती. कारभाराची माहिती जनतेपुढे ठेवणारे आणि नागरिकांना कारभारात सहभाग देणारे कायदे राज्याने करावेत, अशी ती अट. त्यानुसार २००९ मध्ये महाराष्ट्रात क्षेत्रसभेची तरतूद झाली. गावाला जशी ग्रामसभा, तशी शहराच्या मोहल्ल्याला क्षेत्रसभा, अशी ही उदात्त कल्पना. राज्यातील बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. पैसा आला तेव्हा त्याचे स्वागत झाले; अट आली तेव्हा तिची आठवण करून देणारे कोणी नव्हते.

लातूरची कहाणी पाण्याची आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला सुमारे ५ लाख लिटर पाणी उतरले आणि देशभर छायाचित्रे झळकली. ती गाडी संकटनिवारण होते यात शंका नाही. परंतु संकट आभाळातून जेवढे येते तेवढेच हिशेबाच्या अभावातूनही येते. मांजरा धरणातील पाणी उसाला किती आणि पिण्याला किती, नळयोजनेतून वाटेत गळते किती, हे प्रश्न धरण भरलेले असतानाच विचारावयाचे असतात. धरण आटल्यावर प्रश्नांना धार येते, उत्तरांना मात्र पाणी राहत नाही. पाणीपुरवठ्याची व्यवस्था खाजगी कंपनीकडे सोपवण्याच्या प्रयोगाला याच लातूरकरांनी मीटर आणि दरांच्या मुद्द्यांवर विरोध केला होता व तो प्रयोग टिकला नाही. म्हणजे लातूरकरांना संघटित होता येते. फक्त विरोधाचा प्रसंग सरला की ते पांगतात.

येथे एका कटू सत्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. पक्षनिरपेक्ष म्हणजे निःपक्षपाती असे समीकरण आपोआप सिद्ध होत नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळात झाला आणि त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यात माणसे मारली गेली, घरे जळाली. नामांतराला विरोध करणाऱ्यांत विकासाच्या चळवळीतील आदरणीय नावेही होती. गोविंदभाई स्वतः त्या बाजूला होते. हिंसेशी त्यांचा संबंध नव्हता, परंतु ‘मराठवाड्याची जनता’ असा शब्द उच्चारताना त्या जनतेत आपण खरोखर धरले गेलो आहोत काय, असा प्रश्न दलित समाजाला पडला आणि तो अनाठायी नव्हता. प्रदेशावरील अन्यायाचा हिशेब मांडणाऱ्यांनी प्रदेशांतर्गत अन्यायाचाही हिशेब मांडला पाहिजे, हा त्या प्रसंगाचा धडा. नव्या पिढीने नागरिक मंच उभारताना तो प्रथम गिरवावा. ज्या बैठकीला देगलूर नाक्यावरचा हातगाडीवाला, दलित वस्तीतील पदवीधर तरुण आणि घरकाम आटोपून आलेली गृहिणी नाही, ती निवृत्तांची मैफल होईल, नागरिकांची सभा होणार नाही.

पक्षातीत राहणे म्हणजे काय, याचा एक नमुना दूरदेशी सापडतो. अमेरिकेतील स्त्रियांना १९२० मध्ये देशव्यापी मताधिकार मिळाला आणि त्याच वर्षी ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ ही संस्था निघाली. कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा द्यावयाचा नाही, कोणाला विरोधही करावयाचा नाही. प्रश्नांवर मात्र अभ्यासाअंती निःसंकोच भूमिका घ्यावयाची, असा तिचा दंडक आहे. मुकाट बसणे म्हणजे पक्षातीत असणे, असा गैरसमज आपल्याकडे रूढ आहे. आपल्याकडे आणखीही एक व्याधी आहे. नागरिक समितीचे अध्यक्षपद ही नगरसेवकपदाची पहिली पायरी मानली जाते. म्हणून पदाधिकाऱ्याने निवडणूक लढवावयाची झाल्यास आधी पद सोडावे, वर्गणी थोडी असावी आणि सर्वांकडून घ्यावी, एका देणगीदाराच्या जिवावर संस्था चालू नये आणि संस्थेचा स्वतःचा जमाखर्च दरवर्षी सभासदांसमोर ठेवावा, हे नियम आरंभीच लिहून काढलेले बरे. दुसऱ्याचा हिशेब मागणाऱ्याची वही उघडी असली पाहिजे.

कार्यक्रम शोधण्यासाठी फार लांब जावयास नको. वर्षातून एकदा महापालिकेचे अंदाजपत्रक घेऊन त्याचे चार पानी सुबोध मराठीत आणि उर्दूत सार काढावे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतींची मुदत संपण्यापूर्वी मोहल्ल्यामोहल्ल्यात नकाशा लावून दाखवावा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये दहा रुपयांच्या अर्जावर जे मिळते, ते मिळवून फलकावर डकवावे. निवडणूक आली की उमेदवारांच्या शपथपत्रांतील शिक्षण, मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती कोणतीही टिप्पणी न करता एका तक्त्यात मांडावी. पुण्यात २००६ च्या सुमारास अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचनांना स्थान देण्याचा उपक्रम सुरू झाला. तो नांदेडला आणि लातूरला का नसावा, असे विचारावे. नगरसेवकांच्या निम्म्या जागा स्त्रियांना मिळाल्या आहेत. त्यांना कारभाराची कागदपत्रे वाचण्यास साथ देणारी मंडळीही हवीत. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ नांदेडला आहे, लातुरात महाविद्यालयांची वाण नाही. या संस्थांतील विद्यार्थ्यांनी एका प्रभागाचा एक वर्षाचा जमाखर्च जरी तपासला, तरी त्यांना लोकशाहीचा असा पाठ मिळेल की जो कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडणार नाही.

यातील एकाही कामास अलौकिक धैर्य लागत नाही. महिन्यातील दोन संध्याकाळी आणि थोडी चिकाटी एवढे भांडवल पुरेसे आहे. एकट्याला जे परवडत नाही ते पन्नास जणांना सहज परवडते. संघटनेचे अर्थशास्त्र एवढेच आहे. जेथे विकास परिषदेसारखी जुनी संस्था उभी आहे तेथे तिच्यात सामील व्हावे, तिच्या उणिवा आत जाऊन दुरुस्त कराव्यात. जेथे काहीच नाही तेथे शाळेच्या एका वर्गात दहा जणांनी बसून आरंभ करावा. १७ सप्टेंबरला दरवर्षी मराठवाड्यात ध्वज फडकतो आणि निजामाच्या जोखडातून मुक्त करणाऱ्यांचे स्मरण होते. त्या मंडळींनी प्रजेला नागरिक केले. नागरिकाने पुन्हा प्रजा व्हावयाचे ठरवले, तर त्याला अडवणारा कायदा मात्र कोणत्याच घटनेत नसतो.