घरभर फिल्टर, पण टाकीवर झाकण आहे का?

वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नायगावला आणि ना. म. जोशी मार्गावरही टॉवर उभे राहत आहेत. १६० चौरस फुटांची खोली आणि सामाईक मोरी-संडास यांत तीन-तीन पिढ्या काढलेल्या आपल्या माणसांना आता घरातच चार-पाच नळ मिळणार. ही आनंदाची गोष्ट आहे. पण घराच्या चावीपाठोपाठ दारावर विक्रेताही येतो. पूर्वी तो स्वयंपाकघरातले आरओ मशीन विकायचा. आता तो म्हणतो, घराच्या मुख्य पाइपलाच मोठा फिल्टर बसवा, म्हणजे अंघोळीपासून पिण्यापर्यंत सगळे पाणी शुद्ध. सोसायटीच्या सभेत तो संपूर्ण इमारतीसाठी एकच मोठे यंत्र सुचवतो आणि वर्गणीचा आकडाही सांगतो.

माझे मत स्पष्ट आहे. हा पैसा आत्ता यंत्रात घालू नका. आधी टाकीत घाला.

विक्रेता घरात एक प्रयोग करून दाखवतो. दोन पेले घेतो, एकात नळाचे पाणी आणि दुसऱ्यात त्याच्या मशीनचे. दोन्हींत लोखंडी कांड्या सोडून वीज लावतो. मिनिटभरात नळाच्या पाण्याचा पेला पिवळा, मग तपकिरी होतो आणि त्यात गाळ तरंगू लागतो. घरातली बाई घाबरते, हे आपण लेकरांना पाजतो! खरे म्हणजे तो गाळ पाण्यात नव्हताच. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, कांडीचे लोखंड विरघळते आणि त्याचा गंज दिसतो. आरओने क्षारच काढून टाकलेले असतात, म्हणून तिथे वीज वाहत नाही. पुढच्या वेळी तो आला की त्याच्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा, आता लाव. तोही पेला तसाच होईल. त्याच्याकडचे टीडीएस मीटरही असेच. ते क्षार मोजते. कॉलरा, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू त्याला दिसत नाहीत.

मुंबईचे पाणी सात तलावांतून येते. तुळशी आणि विहार मुंबईत, तर तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा शहराबाहेर. हे पावसाचे साठवलेले पाणी, त्यामुळे त्यात क्षार मुळातच कमी. भांडुपच्या केंद्रात बहुतेक पाणी गाळले जाते, त्यात क्लोरीन मिसळले जाते, आणि मलबार हिल, भंडारवाडा अशा जलाशयांतून ते आपल्या भागात येते. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतीय मानक ब्युरोने देशातील शहरांच्या नळाच्या पाण्याची तपासणी जाहीर केली, तेव्हा मुंबईचे दहाच्या दहा नमुने उत्तीर्ण झाले होते. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी आणा, असे निर्देश सरकारला दिले होते. मुंबईचे पाणी या आकड्याच्या खूप खाली असते. शिवाय आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर गटारात सोडते. ज्या गल्लीत तासभर पाणी येते तिथे हे परवडणार आहे का?

मग आपल्या वस्त्यांत दर पावसाळ्यात जुलाब आणि काविळीचे रुग्ण का निघतात? कारण दहा नमुने म्हणजे आपल्या गल्लीचे शेवटचे टोक नव्हे. पाणी भांडुपहून चांगले निघते आणि शेवटच्या शे-दोनशे फुटांत बिघडते. लालबाग-परळच्या जुन्या गल्ल्यांत घरगुती जोडण्यांचे पाइप गटारातून किंवा गटाराला लागून गेलेले तुम्हीही पाहिले असतील. पाणी येत असते तेव्हा आतला दाब बाहेरच्या घाणीला अडवतो. पाणी बंद झाले की गंजलेल्या सांध्यातून गटाराचे पाणी आत शिरते. त्यात कुणी थेट लाइनीवर मोटर लावली तर पाइप तोंडाने ओढल्यासारखी घाण खेचतो, आणि ती मोटरवाल्याच्याच नव्हे, शेजाऱ्यांच्याही हंड्यात येते.

आता घरभर फिल्टरचा यात काय उपयोग? मुख्य पाइपवरच्या अशा यंत्रात साधारणपणे वाळू किंवा जाळी असते, मग कोळसा, मग बारीक कार्ट्रिज. गाळ अडतो, वास जातो. पण कोळसा क्लोरीनही काढून टाकतो, आणि इथेच धोका आहे. ज्या देशांत चोवीस तास दाबाने पाणी येते तिथे ते गाळून लगेच वापरले जाते. आपल्याकडे ते येते, साठते आणि मग दिवसभर पुरवायचे असते. टाकीतल्या, पिंपातल्या पाण्याची राखण तो उरलेला क्लोरीनच करतो. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावा, असे मानक आहे. टाकीआधीच यंत्र बसवून तो काढला, तर महिन्याला पैसे मोजून आपण पाणी निराधार करून ठेवतो. ‘पाण्याला औषधाचा वास येतो’ म्हणून तक्रार करणाऱ्या बायांना मी सांगते, बाई, वास येतोय तोवर बरे समजा. कार्ट्रिज वेळेवर बदलले नाही तर त्यातच जंतू वाढतात. आणि या यंत्राला दाब लागतो. दाब नसला की पुन्हा मोटर आली.

‘शुद्ध’ या शब्दाबद्दलही थोडे बोलायला हवे. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले, त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे ओतून ते तळे ‘शुद्ध’ केले. शेणाने शुद्ध होणारे पाणी! आपण नर्सिंगच्या वर्गात शिकलो तो शब्द वेगळा, निर्जंतुक. तो जात बघत नाही, मोजता येतो. आणि बाबासाहेबांचा लढा सार्वजनिक तळ्यासाठी होता. आपल्यापुरती वेगळी विहीर खोदून घ्या, हा सल्ला त्यांनी मानला नाही. तळ्याचा खटला १९३७ मध्ये उच्च न्यायालयात आपल्या बाजूने लागेपर्यंत दहा वर्षे गेली. घरोघरी यंत्र लावले की नगरपालिकेचा नळ हा फक्त गरिबांचा प्रश्न उरतो, आणि गरिबांचा प्रश्न कुणाच्या अजेंड्यावर नसतो.

हक्क कागदावर आहे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही, तो राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरणही आणले. गटारातून गेलेला पाइप बदलून मागताना हे दोन्ही अर्जात लिहा. अर्ज एकट्याचा नको, गल्लीचा हवा, आणि सह्या बायांच्या असू द्या. पाणी त्याच भरतात.

इमारतीत राहणाऱ्यांनी पुढच्या सभेत यंत्राच्या कोटेशनआधी टाकीचा विषय घ्यावा. जमिनीखालची टाकी कुठे आहे ते स्वतः जाऊन बघा. तिचे झाकण जमिनीच्या पातळीत असेल तर पावसाचे, गाड्या धुतल्याचे पाणी आत जाणारच. कठडा उंच हवा, झाकण घट्ट हवे. ड्रेनेजचे चेंबर शेजारी आहे का? टाकीला तडा आहे का? गच्चीवरच्या टाकीचे झाकण वाऱ्याने उडाले असेल तर कबुतरे आणि डास दोघांची सोय. शहरात मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस स्टिफेन्सी डास असल्याच टाक्यांत अंडी घालतो. वर्षातून दोनदा, त्यातले एकदा पावसाळ्याआधी, टाकी रिकामी करून घासून ब्लीचिंगने धुवून घ्या आणि तारीख टाकीवर रंगाने लिहा. नंतर वरच्या मजल्याच्या शेवटच्या नळावर ओटी टेस्ट करून मागा. थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन आहे.

टाकीत उतरणाऱ्या माणसाचाही विचार करा. तो बहुतेक वेळा आपल्याच समाजातला असतो. मार्च २०२५ मध्ये नागपाड्याला बांधकामाच्या इमारतीतील जमिनीखालची टाकी साफ करताना कामगार गुदमरून मेले. झाकण आधी बराच वेळ उघडे ठेवणे, आत हवा सोडणे, कमरेला दोर आणि वर माणूस, एवढे नसेल तर कुणाला उतरवू नका. स्वस्त पडतो म्हणून नाक्यावरून एकटा माणूस आणणारी सोसायटी आपली असली तरी मी तिला नावे ठेवीन.

वस्तीतल्या घरात टाकी नसते, पिंप असते. तिथेही नियम तोच. पिण्याचे पाणी झाकणाच्या, तोटीच्या भांड्यात ठेवा. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे घ्या, पेला बुडवू नका. क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा. पिंप तळापासून घासल्याशिवाय वरून नवे पाणी ओतत राहणे ही आपल्या सगळ्या घरांची सवय आहे, ती मोडायला हवी.

यंत्र कधीच नको, असे मी म्हणत नाही. सोसायटी टँकरचे किंवा बोअरचे पाणी मिसळत असेल तर प्रयोगशाळेत तपासून मग ठरवा. घरात डायलिसिसचा किंवा केमोथेरपीचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारा. ज्यांना घ्यायचेच आहे त्यांनी साठवणीनंतर, पिण्याच्या नळाशी, युव्हीचे किंवा साधे कँडलचे घ्यावे. ते देखभालीलाही सोपे असते.

पाणीकपातीनंतर किंवा रस्ता खणल्यावर पहिले पाणी गढूळ किंवा वासाचे आले तर ते पिण्याच्या भांड्यात भरू नका. फरशी धुवायला, संडासात टाका. लगेच १९१६ वर तक्रार करा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा आणि शेजारच्या चार घरांनाही करायला लावा, कारण एका तक्रारीला ‘तुमच्या घरातला दोष’ म्हणतात, पाच तक्रारींना माणूस पाठवावा लागतो. तो येऊन जाईपर्यंत पाणी खळखळ उकळूनच प्या. घरात गरोदर बाई असेल तर गॅस जळतो म्हणून यात काटकसर करू नका. हेपॅटायटिस ई ची कावीळ इतरांना आठ-पंधरा दिवस झोपवते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ती आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते. तिच्यासाठी उकळलेल्या पाण्याची कळशी वेगळी ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना ती कोणती ते सांगून ठेवा.