विश्लेषण : निम्म्या किमतीत पोर्शेची बरोबरी? स्पोर्ट्स कारचे ‘मूल्य’ मोजायचे तरी कसे?

जपानमधील तोचिगी येथील कारखान्यातून ऑगस्ट २०२५ मध्ये निस्सानची शेवटची ‘आर-३५’ जीटी-आर बाहेर पडली. १८ वर्षांत या मोटारीच्या जेमतेम ४८ हजार प्रती तयार झाल्या. आपल्याकडची एखादी चलती असलेली हॅचबॅक एवढा आकडा तीन-चार महिन्यांत गाठते. तरीही वेगवान मोटारींच्या जगात या गाडीने एक प्रश्न असा उभा केला, जो ती बंद झाल्यानंतरही सुटलेला नाही. दोन गाड्या सारख्याच वेगाने धावत असतील आणि एक दुसरीच्या जवळपास निम्म्या किमतीत मिळत असेल, तर महाग गाडी घेणारा नेमके कशाचे पैसे मोजतो?

वादाची सुरुवात कुठून झाली?

जीटी-आर २००७ च्या टोकियो मोटर शोमध्ये सादर झाली. ३.८ लिटरचे दोन टर्बो असलेले व्ही-६ इंजिन, ४८० अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद आणि जपानमधील किंमत ७७ लाख ७० हजार येन. अमेरिकेत ती ६९,८५० डॉलरला विक्रीस आली. त्याच सुमारास तेवढ्याच, म्हणजे ४८० अश्वशक्तीच्या पोर्शे ९११ टर्बोसाठी तिथे सव्वा लाख डॉलरच्या आसपास मोजावे लागत. एवढ्यावर प्रकरण थांबले असते तर ‘स्वस्त आणि मस्त’ म्हणून कौतुक होऊन विषय संपला असता. पण निस्सानने ही गाडी थेट पोर्शेच्या अंगणात, जर्मनीतील न्युरबर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या ट्रॅकवर नेली आणि एप्रिल २००८ मध्ये ७ मिनिटे २९ सेकंदांची फेरी मारली. सरासरी वेग ताशी १६५ किलोमीटरच्या घरात. तोही डोंगरउतारांच्या, झाडीतून जाणाऱ्या, कुठे ओल तर कुठे ऊन असलेल्या अरुंद वळणांवर.

पोर्शेला हे पचले नाही. कंपनीने अमेरिकेत एक जीटी-आर विकत घेतली, त्याच ट्रॅकवर पळवली आणि सांगितले की, आमच्या चालकाला ७ मिनिटे ५४ सेकंद लागले. आमची ९११ टर्बो मात्र ७:३८ मध्ये फेरी पूर्ण करते. तुम्ही वापरलेले टायर ग्राहकाला मिळणारे नसावेत, असा सूचक आरोपही झाला. निस्सानने तो फेटाळला आणि गाडी व टायर विक्रीतलेच होते, असे ठासून सांगितले. जर्मन मासिक ‘स्पोर्ट ऑटो’ने घेतलेल्या चाचणीत जीटी-आरला ७:३८ लागले, म्हणजे दोन्ही दाव्यांच्या अधेमधे.

एकाच गाडीत २५ सेकंदांचा फरक कसा?

कोणी खोटे बोलत होते, असे मानण्याची गरज नाही. त्या काळी कंपन्या स्वतःच वेळ मोजत आणि स्वतःच जाहीर करत. फेरी कुठून कुठपर्यंत मोजायची, याचाही एक नियम नव्हता. काही वेळा २०.६ किलोमीटरची, तर काही वेळा पूर्ण २०.८३२ किलोमीटरची फेरी धरली जाई. ट्रॅकच्या व्यवस्थापनाने २०१९ पासून पूर्ण लांबीची फेरी आणि नोटरीसमोरची मोजणी हा शिरस्ता घालून दिला. हवेचे तापमान, रस्त्याची ओल, टायरचा रबर किती मऊ आहे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चालकाला त्या गाडीची सवय किती आहे, यांवर २० किलोमीटरमध्ये १५-२० सेकंद सहज इकडचे तिकडे होतात. निस्सानचा चालक तोशिओ सुझुकी याने ती गाडी घडताना पाहिली होती, पोर्शेच्या चालकाने ती नुकतीच हाताळायला घेतली होती. म्हणूनच जाहिरातीतला लॅप टाइम हा गाडीइतकाच माणसाचाही असतो. शोरूममध्ये त्यातली फक्त गाडी मिळते.

‘हँडलिंग’ म्हणजे नेमके काय?

मोटारींच्या चर्चेत हा शब्द सर्रास येतो आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘वळणावर पकड चांगली’ एवढाच घेतला जातो. पकड हा त्यातला एक भाग. गाडीचे वजन कुठे आहे, वेग वाढवताना, ब्रेक लावताना आणि वळताना ते कुणीकडे सरकते आणि हे सगळे चालकाला वेळेत कळते का, हा खरा मुद्दा.

पाणी वाहणाऱ्या दोघांकडे पाहावे. एकाच्या खांद्यावर कावड, दुसऱ्याच्या कमरेवर कळशी. ओझे सारखेच असले तरी कावडवाल्याला गर्रकन वळता येत नाही. आणि एकदा वळायला लागला की थांबणेही अवघड, कारण टोकांचे वजन त्याला फिरवत राहते. कळशीवाली सहज वळते. इंजिन गाडीच्या मध्यभागी, चालकाच्या पाठीशी बसवण्यामागे हेच गणित असते. फेरारी, लॅम्बोर्गिनी यांनी ते कधीच स्वीकारले. अमेरिकेच्या कॉर्व्हेटने मात्र सहा दशकांहून अधिक काळ पुढे असलेले इंजिन २०२० च्या मॉडेलपासून मध्यात आणले.

पोर्शे ९११ या नियमाला सरळसरळ अपवाद आहे. तिचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे लटकते. याचे फायदे आहेत. वळणातून बाहेर पडताना मागची चाके जमिनीला घट्ट चिकटून राहतात आणि ब्रेक लावल्यावर सगळा भार पुढच्या दोन चाकांवर पडत नाही. तोटाही तेवढाच ठळक. वळणात मध्येच घाबरून अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात आणि शेपूट पुढे यायला निघते. १९७५ मध्ये आलेल्या पहिल्या ९११ टर्बोमध्ये भर म्हणून टर्बोची ताकद उशिरा आणि एकदम यायची. तिला ‘विडोमेकर’, म्हणजे बायकांना विधवा करणारी, असे नाव पडले ते उगाच नव्हे. पुढची अनेक दशके पोर्शेच्या अभियंत्यांनी रुंद टायर, चारचाकी ताकद, स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, वळणारी मागची चाके असे एकेक करून हा दोष काबूत आणण्यात घालवली. मुळातच चुकीच्या जागी ठेवलेले इंजिन एवढ्या चिकाटीने बरोबर ठरवणारी दुसरी कंपनी सापडणे कठीण.

जीटी-आरचा मार्ग निराळा होता. इंजिन पुढे, पण जड गिअरबॉक्स मागच्या आसापाशी, म्हणजे ओझे दोन्हीकडे वाटलेले. एरवी ताकद मुख्यतः मागच्या चाकांना आणि गरज पडेल तशी संगणकाच्या हुकमाने पुढच्या चाकांकडे. हे सगळे करताना गाडीचे वजन मात्र १७४० किलोवर गेले. समकालीन ९११ टर्बोपेक्षा साधारण दीडशे किलो जास्त, म्हणजे दोन धडधाकट प्रवासी कायमचे मागे बसवल्यासारखे. हे वजन वळणावर यंत्रणा लपवते, पण टायर आणि ब्रेक त्याची किंमत मोजतात आणि ती शेवटी मालकाच्या खिशातूनच जाते. गाडीच्या डॅशबोर्डवरचा माहितीपडदा ‘ग्रान टुरिस्मो’ हा व्हिडीओ गेम बनवणाऱ्या पॉलिफनी डिजिटलने रेखाटला होता. ही गाडी नव्हे, प्लेस्टेशन आहे, हा टोमणा तिच्या वाट्याला आला त्यात नवल नाही. तो थोडा अन्यायकारकच. मध्यम कुवतीच्या चालकाला तिने जो वेग सुरक्षितपणे दिला, तो तोवर त्या किमतीत कोणी दिला नव्हता.

हळू गाडी महाग का विकली जाते?

मूल्य म्हणजे वेग भागिले किंमत, हे समीकरण मान्य केले तर जीटी-आर जिंकते. बाजार मात्र ते मानत नाही आणि त्याचा उत्तम दाखला पोर्शेनेच दिला. २०१३ ची ९११ जीटी-३ केवळ स्वयंचलित ड्युअल-क्लच गिअरबॉक्ससह आली, कारण तो हातापेक्षा वेगवान. चाहते नाराज झाले. मग २०१६ मध्ये ९११ आर ही गाडी आली. केवळ ९९१ प्रती, मोठा पंख नाही आणि हाताने टाकायचे सहा गिअर. ट्रॅकवर ती त्याच इंजिनाच्या जीटी-३ आरएसच्या मागे राहणार, हे उघड होते. तरीही काही महिन्यांत ती मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकली जाऊ लागली. पुढच्या वर्षी साध्या जीटी-३ मध्येही हाताचा गिअर परत आला आणि ९११ आरचा फुगा बराच खाली बसला. त्या जीटी-३ चे कंपनीचे आकडेही बोलके आहेत. शून्य ते शंभरला स्वयंचलित गिअरसह ३.४ सेकंद, हाताच्या गिअरसह ३.९. अर्ध्या सेकंदाने हळू असलेली गाडी लोक मागून घेत होते.

याचा अर्थ ग्राहक वेडा आहे असा नाही. वेग आता मुबलक झाला आहे. स्टिअरिंगमधून हाताला कळणारा रस्ता, स्वतः चुकण्याची आणि सावरण्याची संधी दुर्मीळ झाली आहे. माझदाची सुमारे टनभर वजनाची एमएक्स-५ या न्यायाने अनेक महागड्या गाड्यांपेक्षा सरस ठरते, कारण तिचा आनंद ताशी ६० किलोमीटरलाही मिळतो. अर्थात ती भारतात मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

जीटी-आरची जागा आज कोणाची?

बहुधा कॉर्व्हेटची. जीटी-आर स्वतः महाग होत गेली. २०२४ मध्ये अमेरिकेत ती एक लाख २० हजार डॉलरच्या पुढे होती, निस्मो आवृत्ती तर दोन लाख २० हजारांवर. दरम्यान २०२५ च्या उन्हाळ्यात कॉर्व्हेट झेडआर-१ ने नॉर्डश्लाइफची पूर्ण फेरी ६ मिनिटे ५०.७ सेकंदांत मारली. चालक व्यावसायिक शर्यतपटू नव्हे, तर कंपनीचा अभियंता. फोर्डच्या सव्वातीन लाख डॉलरच्या मस्टँग जीटीडीची वेळ ६:५२ होती. झेडआर-१ ची किंमत २०२५ मध्ये पावणेदोन लाख डॉलरच्या आसपास सुरू होत होती. २००८ चाच डाव, खेळाडू तेवढे बदलले.

भारतात हे गणित का कोलमडते?

निस्सानने डिसेंबर २०१६ मध्ये जीटी-आर भारतात आणली. दिल्लीतील एक्स-शोरूम किंमत १ कोटी ९९ लाख. अमेरिकेत त्याच पिढीची गाडी १,०९,९९० डॉलरची, म्हणजे तेव्हाच्या दराने पाऊण कोटीच्या आतबाहेर होती. पूर्ण तयार स्थितीत आयात होणाऱ्या महागड्या मोटारींवर वर्षानुवर्षे १०० टक्क्यांहून अधिक शुल्क आणि त्यावर देशांतर्गत कर, असा हा मामला. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवर ४० टक्के जीएसटी आहे. महाराष्ट्राने एकरकमी वाहनकराची कमाल मर्यादा त्याच वर्षी २० लाखांवरून ३० लाखांवर नेली. दोन कोटींच्या घरात गेल्यावर ‘पैसा वसूल’ हा जीटी-आरचा मुख्य गुणच उरत नाही. तेवढे पैसे मोजणारा मग बोधचिन्ह पाहतो आणि तिथे पोर्शे जिंकते.

दुसरा प्रश्न, हे हँडलिंग वापरायचे कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० ची मर्यादा, समृद्धीवर १२०. ट्रॅक म्हणावेत तर ग्रेटर नोएडा, चेन्नई, कोइमतूर. एरवी या गाड्यांची कसोटी लागते ती गतिरोधकावर. पुढचा भाग काही सेंटिमीटर उचलणारी यंत्रणा ही भारतीय मालकासाठी लॅप टाइमपेक्षा अधिक उपयोगाची.

ताकद कोणाच्या हाती?

पूर्वी अशा गाडीची ताकद वापरण्यासाठी क्लच, गिअर आणि थोडी भीती यांचा सराव लागे. इलेक्ट्रिक मोटारीत ती पहिल्याच क्षणी, नुसत्या पायाच्या दाबाने मिळते आणि स्थिरता यंत्रणा गाडी सरळ ठेवत असल्याने चालकाला आपला वेग जाणवतही नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे अशाच इलेक्ट्रिक पोर्शे टायकनने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी अल्पवयीन मुलगा मद्यधुंद अवस्थेत चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. टायकनचे वजन दोन टनांहून अधिक. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, हे शाळेतले भौतिकशास्त्र. त्यापुढे कोणत्याही सस्पेन्शनचे काही चालत नाही. आपल्याकडे हलक्या मोटारीचा परवाना आठशे सीसीच्या गाडीलाही तोच आणि सातशे अश्वशक्तीच्या गाडीलाही तोच. या अपघातानंतर आणखी एक तपशील समोर आला. कोट्यवधींच्या त्या गाडीची कायमस्वरूपी नोंदणी झालेली नव्हती, कारण १,७५८ रुपये शुल्क भरायचे राहिले होते.