आपल्या घरचा राजा कोण?

देवाचें राज्य यावें अशी प्रार्थना आपण ख्रिस्ती लोक नित्य करितों. परंतु राज्य ज्याचें, त्याची आज्ञाही चालली पाहिजे. आणि ती प्रथम आपल्या अंतःकरणांत व आपल्या घरांत चालली पाहिजे. सुखसोयींनीं भरलेल्या आजच्या काळांत ह्या गोष्टीचा विचार विशेष अगत्याचा आहे, असें आम्हांस वाटतें.

इस्राएल लोकांनीं शमुवेलाजवळ इतर राष्ट्रांसारखा राजा मागितला, तेव्हां त्यानें त्यांस आधींच बजाविलें कीं, हा राजा तुमचे पुत्र आपल्या रथांपुढें धांवावयास नेईल, तुमच्या कन्यांस स्वयंपाकास लावील, उत्तम शेतें हिरावील आणि धान्याचा दशमांश घेईल. लोकांनीं ऐकिलें नाहीं. पुढें शलमोनाचें वैभव आलें. परमेश्वराचें मंदिर बांधावयास ७ वर्षें लागलीं, तर राजाचा स्वतःचा वाडा बांधावयास १३. वेठीस धरिलेलीं माणसें ३०,००० होतीं. वैभव वाढलें, पण म्हातारपणीं त्या ज्ञानी राजाचें मन परमेश्वरापासून फिरलें, आणि त्याच्या पुत्राच्या काळीं राज्याचे दोन तुकडे झाले.

ह्यावरून सुखसोयी वाईट असें कोणी समजूं नये. ज्या माउलीनें जन्मभर विहिरीवरून हंडे वाहिले, तिच्या दारीं नळ आला तर आपण देवाचे आभारच मानावे. दारिद्र्यानें भक्ति आपोआप वाढते असेंही नाहीं. रिकाम्या पोटीं देखील मनुष्य पैशाचा दास असूं शकतो. खरा प्रश्न वस्तूंचा नसून सत्तेचा आहे. सोय ही दासी म्हणून घरांत येते आणि न कळत राणी होऊन बसते. मग तीही शमुवेलानें सांगितलेल्या राजाप्रमाणें कर वसूल करूं लागते. ज्याच्या त्याच्या हातांत फोन असल्यामुळें सायंकाळची कौटुंबिक प्रार्थना राहून जाते. मोटारीचे हप्ते फेडतां फेडतां प्रथम कमी होतो तो गरिबाचा वांटा.

प्रभु येशूचें राजेपण ह्याच्या अगदीं उलट आहे. त्याचा जन्म झाल्यावर त्यास गव्हाणींत निजविलें. यरुशलेमेंत तो मागून आणिलेल्या शिंगरावर बसून आला. शिष्यांचे पाय त्यानें स्वतः धुतले. आणि त्याचा मुकुट कांट्यांचा होता. इतर राजे घेतात, हा राजा आपणांस देऊन टाकितो. कोणास राजा करावें हें ठरवितांना एवढी एक कसोटी पुरे आहे.

आपल्या मराठी मंडळींत हें ओळखणारे एक थोर पुरुष होऊन गेले, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. १९१७ सालीं त्यांनीं मिशनच्या पगारावर पाणी सोडिलें, संन्यस्त वृत्ति पत्करिली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ह्या नांवाचा बंधुसमाज उभारिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांही ख्रिस्तभक्तांस त्यांत जागा होती. १९१९ सालीं टिळक देवाघरीं गेले. सर्वांनीं पगार सोडावा असें आमचें म्हणणें नाहीं. लेंकरांस खावयास घालणें हीही देवाची आज्ञाच आहे. परंतु दरबार कोणाचा आणि आपण त्यांत कोण, हें टिळकांस पक्कें ठाऊक होतें. तें आपणांसही ठाऊक असावें.

पालकहो, दिवसांतील एक ठराविक वेळ देवासाठीं राखा, आणि मिळकतींतून गरजवंताचा वांटा शेवटीं न काढितां प्रथम काढा. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीही घरीं कांहीं नवी वस्तु मागाल, तेव्हां ती आल्यानें काय मिळेल एवढेंच पाहूं नका; ती आल्यानें घरांतलें कोणतें चांगलें काम बंद पडेल, हेंही आईबापांबरोबर बसून पाहा. तें उत्तर मिळालें, म्हणजे आपल्या घरचा राजा कोण हेंही कळून येईल.